जमीन विकून रस्ते बांधणारी संस्था: नागपूर सुधार प्रन्यासचे प्रकरण

आमच्या घरच्या लोखंडी पेटीत वडिलांनी जपून ठेवलेला एक भाडेपट्टा आहे. मुद्रांकाचा कागद पिवळा पडला आहे. घड्यांवर विरत चालला म्हणून आईने मागून मलमलीची पट्टी खळीने चिकटवली होती. मजकूर इंग्रजीत टंकलेला. पट्टा देणार नागपूर सुधार प्रन्यास (इंग्रजीत नागपूर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, म्हणजे एनआयटी), घेणार आमचे वडील, मुदत ३० वर्षे, दर वर्षी भरायचे भूभाटक म्हणजे जमिनीचे भाडे, आणि खाली चतुःसीमा: पूर्वेस ३० फुटी रस्ता, दक्षिणेस शेजारचा प्लॉट. त्याच्या वरच्या ओळीत योजनेचे नाव, सक्करदरा स्ट्रीट स्कीम. घर वडिलांनी बांधले, त्याचे कर्ज वडिलांनी फेडले, पण जमिनीचे मालक आम्ही नव्हतो, पट्टेदार होतो.

‘स्ट्रीट स्कीम’ हे मला लहानपणी मोहल्ल्याचे नाव वाटायचे. पुढे नगररचनेचे कागद वाचायची सवय लागली तेव्हा कळले, की प्रन्यासचे सगळे अर्थकारण या दोन शब्दांत आहे. नागपुरात काही वस्त्यांना आधी रस्ता मिळाला आणि मग घरे झाली, काही वस्त्यांत आधी घरे झाली आणि रस्त्यासाठी पुढची वीस-वीस वर्षे गेली, याचे उत्तरही बरेचसे तिथेच सापडते.

सार्वजनिक सोयी उभारायला वेगळी स्थानिक संस्था काढायची, तिला स्वतःच्या नावाने जमीन घेऊ द्यायची, कर्ज काढू द्यायचे आणि सरकारी तिजोरीला हात न लावता रस्ते, नाल्या, बगीचे बांधून घ्यायचे, ही कल्पना आज पुन्हा जोरात आहे. नागपूरने ती जवळजवळ नव्वद वर्षे वापरून पाहिली आहे. म्हणून हे एकच प्रकरण नीट उलगडून पाहावेसे वाटते.

मुंबईत मिटले, नागपुरात सुरू झाले

नागपूरची नगरपालिका १८६४ ची. १८६७ मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. शहर मध्य प्रांताची, पुढे मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी. गिरणीला माणसे लागली, माणसांना खोल्या लागल्या, आणि जुन्या वस्त्या जागच्या जागी दाटत गेल्या. नगरपालिकेला दिवाबत्ती आणि झाडलोट चालवता येत होती. वस्ती फोडून नवा रुंद रस्ता काढण्याएवढा पैसा तिच्याकडे नव्हता. निवडून आलेल्या सभासदाने घरपट्टी वाढवली की पुढच्या निवडणुकीत त्याला घरी बसावे लागे. ही अडचण आजही तशीच आहे.

मुंबईत हाच पेच १८९६ च्या प्लेगने उघडा पाडला होता. तिथे १८९८ मध्ये सुधार ट्रस्ट निघाला. निवडणुकीची भीती नसलेले मंडळ, हाती जमीन संपादनाचा अधिकार आणि काम फक्त बांधण्याचे. कलकत्त्याने पुढे तोच कित्ता गिरवला. मुंबईचा ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९३६ मध्ये, नागपूर सुधार प्रन्यासचा कायदा झाला आणि १९३७ पासून प्रन्यास कामाला लागला. मुंबईच्या महापालिकेत ट्रस्ट पोटात घेण्याची ताकद आली होती, नागपूरच्या नगरपालिकेत ती नव्हती, असे मला यावरून वाटते.

कायद्याने प्रन्यासला स्वतंत्र व्यक्तीसारखे अस्तित्व दिले. तो जमीन घेऊ शकतो, विकू शकतो, पट्ट्याने देऊ शकतो, सरकारच्या परवानगीने कर्ज काढू शकतो, कोर्टात वादी-प्रतिवादी होऊ शकतो. मंडळात महापालिकेचे मोजके प्रतिनिधी विश्वस्त म्हणून बसतात, पण गाडा हाकतो तो सरकारने पाठवलेला सभापती. रस्ता काढणे, वस्ती पुन्हा बांधणे, घरे, मलनिःसारण, शहराचा विस्तार, अशा योजना करायच्या, त्या जाहीर करायच्या, हरकती ऐकायच्या, सरकारची मंजुरी घ्यायची आणि मग जमीन संपादन करायची.

याच कायद्यात शेवटी एक कलम आहे. योजना पूर्ण झाल्या, किंवा प्रन्यास चालू ठेवण्याची गरज राहिली नाही एवढ्या पुढे गेल्या, की सरकारने तो विसर्जित करावा आणि त्याची मालमत्ता व देणी शहराच्या पालिकेकडे जावीत. कायदा करणाऱ्यांनी ही संस्था कायमची मानली नव्हती. तिला काम दिले होते आणि काम संपल्यावरचा रस्ताही दाखवला होता. या कलमाकडे मी पुन्हा येणार आहे.

२५ एकरांचा हिशोब

आता त्या दोन शब्दांकडे येऊ. आकडे माझे, समजण्यापुरते.

नवा रस्ता काढायला ५ एकरांचा पट्टा लागतो असे धरा. प्रन्यास ५ एकर घेत नाही, दोन्ही बाजूंची शेती धरून २५ एकर घेतो. एकरी १ लाख मोबदला, म्हणजे २५ लाख. रस्ते, नाल्या, मोकळी जागा, बगीचा यांत १० एकर जातात आणि बांधकामाला ३० लाख लागतात. खर्च झाला ५५ लाख. उरलेल्या १५ एकरांचे प्लॉट पाडले. कालपर्यंत ज्या वावरात पावसाळ्यात बैलगाडी फसत होती तिथे आता डांबरी रस्ता आहे, म्हणून भाव एकरी ४ लाख. १५ एकरांचे ६० लाख आले. रस्ता झाला, नाली झाली, बगीचा झाला, वर ५ लाख उरले. तिजोरीतून दमडी गेली नाही आणि कोणाची घरपट्टी वाढली नाही.

रस्त्यामुळे वाढलेली किंमत रस्ता बांधणाऱ्यानेच वसूल करायची, ही मूळ कल्पना. ती मला आजही न्याय्य वाटते. रस्ता सगळ्यांच्या पैशाने होतो आणि कडेच्या चार जमीनमालकांचे भाव दहापट होतात, यापेक्षा हे नक्कीच बरे. ज्यांची जमीन घेतली नाही पण भाव वाढला, त्यांच्याकडून सुधार आकार घ्यायची सोय कायद्यात होती. जमिनीच्या खरेदी-विक्रीवर मुद्रांक शुल्कासोबत अर्धा टक्का प्रन्यासला मिळतो, तोही याच विचाराने. शिवाय पट्ट्यांचे भूभाटक आहेच.

गाठोडे नीट बांधलेले होते आणि त्यातून मोठी कामे झाली. जुन्या शहरातून पूर्वेकडे सरळ निघालेला सेंट्रल ॲव्हेन्यू तीन टप्प्यांच्या स्ट्रीट स्कीममधून उभा राहिला. लक्ष्मीनगर, हनुमाननगर, नंदनवनसारख्या वस्त्यांत सरळ रस्ते, कोपऱ्यावरची मोकळी जागा आणि घरासमोरचे झाड दिसते, ते प्लॉट विकण्यापूर्वी आखणी झाली म्हणून. ‘प्लॉट एनआयटीचा आहे का जी?’ हा प्रश्न नागपुरात सोयरीक जुळवतानाही विचारला जायचा, कारण त्या प्लॉटचा कागद आणि त्यासमोरचा रस्ता या दोन्हींची खात्री असे.

पण हिशोबात उरले किती, ते पुन्हा पाहा. ५५ लाखांच्या खर्चावर ५ लाख. ही शिल्लक दोनच गोष्टींवर टिकून आहे: जमीन स्वस्तात मिळाली पाहिजे आणि प्लॉट लवकर विकले गेले पाहिजेत.

स्वस्त जमीन संपली

पहिल्या गोष्टीला धक्का सर्वोच्च न्यायालयात बसला. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने सक्तीने जमीन घेतली तर बाजारभावावर १५ टक्के जादा दिलासा रक्कम मिळत असे. प्रन्यासच्या कायद्याने संपादन झाले तर ती मिळत नसे. एकाच शेताच्या दोन बांधांवरचे दोन शेतकरी, एकाची जमीन सरकारने घेतली, दुसऱ्याची प्रन्यासने, आणि दुसऱ्याच्या हाती कमी पैसे. नागपूर सुधार प्रन्यास विरुद्ध विठ्ठलराव या खटल्यात डिसेंबर १९७२ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने हा फरक राज्यघटनेच्या १४ व्या, समानतेच्या अनुच्छेदाविरुद्ध ठरवला. ज्याची जमीन जाते त्याला ती कोण घेतो याने काय फरक पडतो, हा त्या निकालाचा गाभा. देशभरच्या भूसंपादनाच्या खटल्यांत तो आजही आधाराला घेतला जातो.

निकाल योग्यच होता. सोयी हव्यात शहराला आणि त्यांची किंमत वावर गमावणाऱ्याने मोजायची, हे कोणत्याही काळी चूकच. पण माझ्या हिशोबात तो घालून पाहा. २५ लाखांवर १५ टक्के म्हणजे पावणेचार लाख. ५ लाखांची शिल्लक सव्वा लाखावर आली. त्यात योजना जाहीर होऊन जमीन ताब्यात यायला एक वर्ष जादा लागले आणि कर्जाचे व्याज ८ टक्क्यांनी चढले, तर दोन लाख आणखी गेले. योजना तोट्यात.

मग अशी संस्था काय करील? जिथे प्लॉट चढ्या भावाने विकला जाईल तिथेच आधी जाईल. याला कोणाची बदमाशी लागत नाही. कोणत्या वस्तीला नालीची जास्त गरज आहे, हा प्रश्न त्या हिशोबाच्या वहीत येतच नाही.

आधी घर, मग रस्ता

पूर्व, दक्षिण आणि उत्तर नागपुरात योजना जाहीर झाल्या, पण अनेक ठिकाणी जमीन ताब्यात घ्यायला आणि रस्ते टाकायला पैसा आणि वेग पुरला नाही. शेतकऱ्याच्या डोक्यावर योजनेची नोटीस, हातात मोबदला नाही. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मोठी जमीन उघडपणे विकायची वाटही अरुंद केली. दुसरीकडे गिरणीत, कारखान्यात, कार्यालयात काम करणारा, गावाकडून आलेला माणूस चार भिंतींसाठी जागा शोधत होता. या दोघांची गाठ पडली. गृहनिर्माण संस्था निघाल्या, वावराचे कागदावर प्लॉट पडले, स्टॅम्प पेपरवर करारनामा आणि कब्जापत्र झाले. सातबारा शेतकऱ्याच्याच नावे राहिला. अशा अभिन्यासांची, म्हणजे ले-आऊटची, संख्या इतकी वाढली, की ‘५७२ ले-आऊट’ आणि ‘१९०० ले-आऊट’ ही आकडेवारी नागपुरात वस्तीच्या नावासारखी बोलली जाते. ‘आमचा प्लॉट एकोणीसशेमधला’ म्हटले की ऐकणाऱ्याला सगळा इतिहास कळतो.

अशा वस्तीत काय घडते ते मला एका गोष्टीतून समजले: जोत्याची उंची. अधिकृत ले-आऊटमध्ये रस्त्याची पातळी आधी ठरते, म्हणून घरांची जोती साधारण एका रेषेत असतात. इथे पातळी देणारा कोणीच नसतो. पहिल्याने घर बांधले ते जमिनीपासून दीड फूट जोते घेऊन. पाच वर्षांनी शेजारी आला, त्याने पहिल्याच्या अंगणात पाणी साचताना पाहिले होते, त्याने अडीच फूट घेतले. तिसऱ्याने साडेतीन. मग एक दिवस रस्ता आला, तो तिसऱ्याच्या पायरीला लागून. आता पावसाळ्यात सगळ्या गल्लीचे पाणी पहिल्याच्या उंबऱ्याशी जमते. जो सगळ्यांत आधी आला, ज्याने माळावर कंदील लावून पहिली रात्र काढली, त्याचेच घर आज सगळ्यांत खोल आहे. उन्हाळ्यात तो दारात विटांचा बांध घालतो आणि पावसाळा सरल्यावर काढतो. गडर लाइन (सांडपाण्याची वाहिनी) टाकताना चेंबरची उंची जुळवायला वर विटांचा एकेक थर चढवत नेलेला असतो. त्या थरांवरून रस्ता किती वेळा वर आला हे मोजता येते.

२००१ मध्ये राज्याचा गुंठेवारी कायदा आला आणि या प्लॉटना नियमित होण्याची वाट मिळाली. अर्ज करा, मोजणी होईल, विकास शुल्काचे मागणीपत्र येईल, ते भरा, नियमितीकरणाचे पत्र घ्या. नागपूरच्या भाषेत, ‘डिमांड भरली, आरएल मिळाली.’ बँकेचे गृहकर्ज, नकाशा मंजुरी, मुलीच्या लग्नाच्या वेळी प्लॉट विकायचा तर चांगला भाव, सगळे त्या एका कागदावर अडलेले. लोकांनी दागिने मोडून डिमांड भरली आहे. कागद मिळाल्यावर पेढे वाटलेले मी पाहिले आहेत आणि तो आनंद खरा होता.

पैशाच्या बाजूने मात्र यात एक मोठी उलटापालट झाली. स्ट्रीट स्कीममध्ये प्रन्यास आधी कर्ज काढून रस्ता बांधायचा आणि नंतर प्लॉटधारकाकडून वसूल करायचा. जोखीम संस्थेची होती. गुंठेवारीत प्लॉटधारक आधी भरतो आणि रस्ता नंतर होतो. जोखीम ज्याच्या खिशात सगळ्यांत कमी आहे त्याच्यावर आली. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत टोचणारी गोष्ट ही वाटते, आणि ती कुठल्याही वार्षिक हिशोबात तोटा म्हणून दिसत नाही.

बांधणारा एक, सांभाळणारा दुसरा

महापालिका १९५१ मध्ये झाली. घरपट्टी तिची, पाणीपट्टी तिची, मत मागायला येणारा नगरसेवकही तिचा. प्रन्यासला जमिनीतून एकदा उत्पन्न मिळते. त्यानंतर त्या रस्त्यावर खड्डा पडला, दिवा गेला, नाली तुंबली, तर त्याच्या उत्पन्नात काही फरक पडत नाही. महापालिकेला वस्ती हस्तांतरित झाली की खर्च लगेच सुरू होतो. म्हणजे एकाला बांधून पुढे सरकण्यात रस, दुसऱ्याला ताब्यात घेण्यात रस नाही. मधल्या काळात नागरिकाने दोन खिडक्यांवर विचारायचे आणि दोन्हीकडून दुसरीकडचा पत्ता घ्यायचा. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगररचना, रस्ते, पाणी, बगीचे हे विषय पालिकांच्या यादीत घातले. २००२ मध्ये शहराचे नियोजन महापालिकेकडे आले, पण प्रन्यासच्या सात योजना वगळून. एका शहरात दोन नियोजन प्राधिकरणे राहिली.

महापालिकेला मोठा पैसा उभारता येत नाही, हा १९३६ चा मुख्य मुद्दा होता. तो आता तितका खरा नाही. २००१ मध्ये नागपूर महापालिकेने पाणीपुरवठ्यासाठी ५० कोटींचे कर्जरोखे काढले, मालमत्ता कर आणि पाणीपट्टीची वसुली वेगळ्या खात्यात तारण ठेवून. तशी कर्जे कमीच झाली, कारण त्यासाठी वसुली चोख ठेवावी लागते आणि दर वाढवताना लोकांसमोर उभे राहावे लागते. पण रस्ता बंद नाही हे त्यातून दिसले.

आता त्या शेवटच्या कलमाकडे. योजना संपल्यावर विसर्जन, ही अट वाचायला सोपी आहे. पण योजना करणे हेच ज्याचे काम आणि जमीन हेच ज्याचे उत्पन्न, त्याच्या योजना संपणार कशा? एक संपत आली की दुसरी जाहीर होते. कलमात शर्त होती, तारीख नव्हती. डिसेंबर २०१६ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने प्रन्यास बरखास्त करायला तत्त्वतः मान्यता दिली, ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा निर्णय झाला, सरकार बदलल्यावर पाऊल मागे घेतले गेले. कलकत्त्याचा ट्रस्ट २०१७ मध्ये तिथल्या महानगर प्राधिकरणात विलीन झाला. नागपूरचा राहिला. मधल्या काळात प्रन्यासच्या जमिनींवरून खटले झाले, डिसेंबर २०२२ च्या हिवाळी अधिवेशनात एका जमिनीवरून विधिमंडळ तापले. हाती इतकी जमीन आणि मतदारापासून इतके अंतर असले की असे प्रश्न येतच राहतात. कोण सभापती आहे यावर ते अवलंबून नसते.

तीच खुर्ची, मोठा नकाशा

२०१७ मध्ये नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण झाले. शहराबाहेरची सातशेच्या वर गावे त्याच्या कक्षेत आली. प्रन्यासचे सभापती हेच त्याचे महानगर आयुक्त.

१ जुलै २०२४ रोजी दीक्षाभूमीवर जे झाले ते मी विसरू शकत नाही. भूमिगत वाहनतळाचे काम या यंत्रणेच्या देखरेखीखाली चालले होते. स्तूपाला धोका पोहोचेल या भीतीने हजारो अनुयायी जमले, कामाच्या जागेवर जाळपोळ झाली आणि सरकारने त्याच दिवशी कामाला स्थगिती जाहीर केली. सोय लोकांसाठीच होती. ज्या जागेशी लाखो माणसांचे आयुष्य जोडलेले आहे तिथे खोदण्यापूर्वी त्यांच्यात जाऊन बसणे, नकाशा जमिनीवर पसरून दाखवणे, हे पुरेसे झाले नव्हते. निवडून आलेला माणूस हे स्वतःच्या भीतीपोटी का होईना, करतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ‘नवीन नागपूर’ला मान्यता दिली. हिंगणा तालुक्यातली गोधणी (रिठी) आणि लाडगाव, सुमारे ६९२ हेक्टर जमीन, महानगर प्राधिकरणाने हुडको या केंद्र सरकारच्या वित्तसंस्थेकडून ६,५०० कोटींचे कर्ज काढायचे, त्यातून जमीन घ्यायची, सोयी उभारायच्या आणि विकसित जागेतून पैसा परत मिळवायचा. माझ्या वडिलांच्या भाडेपट्ट्यावरची स्ट्रीट स्कीमच ही, फक्त माझ्या हिशोबातल्या ५५ लाखांच्या खर्चाच्या जागी हजारो कोटी आहेत आणि व्याज पहिल्या हप्त्यापासून धावणार आहे.

मी या योजनेच्या विरोधात नाही. वाढलेल्या किमतीतून सोयी बांधणे मला पटते हे वर लिहिलेच आहे. पण संपादनाची पहिली नोटीस निघण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर पाहायच्या आहेत. ज्या गटाची जमीन अमुक वर्षांत मोबदला देऊन ताब्यात घेतली नाही तो गट योजनेतून आपोआप मोकळा होईल, म्हणजे उद्या तिथे स्टॅम्प पेपरवर प्लॉट पडणार नाहीत. रस्ते, नाल्या, पाण्याच्या टाक्या कोणत्या स्थानिक संस्थेकडे कोणत्या वर्षी जातील आणि त्यांच्या देखभालीसाठी विक्रीतला किती वाटा त्या संस्थेला मिळेल. आणि कर्ज फिटल्यावर योजनेचे खाते कोणत्या तारखेला बंद होईल. १९३६ च्या कायद्याने शर्त लिहिली होती. या वेळी दिनांक लिहावा.

हिंगण्याच्या बाजूने येताना दोन्ही कडांना अजून तूर आणि कापूस दिसतो. मध्येच एखाद्या बांधावर प्लॉट विक्रीचा फलक उभा असतो आणि खाली मोबाइल नंबर.